लागून विझणारा दिवा : जुन्या हायब्रिड मोटारीच्या इशाऱ्यांचा तपास

डॅशबोर्डवर एखादा इशारा-दिवा लागावा, मालकाच्या पोटात धस्स व्हावे, आणि गाडी गॅरेजच्या दारात नेऊन उभी करीपर्यंत तो दिवा आपोआप विझलेला असावा, हा अनुभव दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या हायब्रिड गाडीच्या मालकाला केव्हा ना केव्हा येतोच. कायम लागून राहणारा दिवा त्या मानाने सोपा. कारण त्याच्या मागचा दोष जागेवर हजर असतो आणि तपासणाराच्या हाती सापडतो. अधूनमधून लागणाऱ्या दिव्याच्या बाबतीत मात्र दोन विरुद्ध दिशांनी नुकसान होते. काही मालक दिवा विझला म्हणजे दोष गेला असे मानून निश्चिंत होतात, तर काही पहिल्याच इशाऱ्याला घाबरून, कोणी सांगितले म्हणून, हजारो रुपयांचे सुटे भाग किंवा सबंध मोठी बॅटरीच बदलून मोकळे होतात. अशा दिव्याचा तपास कोणत्या क्रमाने करावा, त्यातले मालकाने स्वतः काय करावे, गॅरेजवर काय सोपवावे, आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे शक्य तितक्या स्पष्टपणे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी टोयोटाची प्रियस ही गाडी मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवली आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात ती प्रथम विक्रीस आली. २००३ मध्ये तिची दुसरी आणि २००९ मध्ये तिसरी पिढी निघाली, आणि २०१० पासून ही तिसरी पिढी भारतातही मिळू लागली. त्याआधी, २००८ मध्ये, होंडाची सिव्हिक हायब्रिड आपल्याकडे आली होती, आणि २०१३ मध्ये टोयोटाची कॅमरी हायब्रिड आली. या गाड्या आज पुणे-मुंबईत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती पोचल्या आहेत, आणि अमेरिकेत राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांत जुनी प्रियस अद्याप रोज रस्त्यावर धावते. तपशील गाडीगणिक बदलतील. तपासाची पद्धत मात्र सर्वांना एकच.

रचना आधी समजून घ्यावी

प्रियससारख्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, आणि पुष्कळसा गोंधळ या दोहोंतला भेद ठाऊक नसल्यामुळेच होतो. मोठी बॅटरी मागच्या आसनाच्या पाठीशी बसवलेली असून ती निकेल-मेटल हायड्राइड जातीची असते. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तिचे २८ मोड्यूल असतात. दर मोड्यूलमध्ये सहा, म्हणजे एकूण १६८ सेल, आणि दर सेलचे १.२ व्होल्ट धरले म्हणजे सर्वांचा मिळून २०१.६ व्होल्ट इतका दाब होतो. कॅमरी हायब्रिडमध्ये अशाच मोड्यूलांची संख्या ३४ आणि दाब २४४.८ व्होल्ट असतो. मोटरला पुरवण्यापूर्वी इन्व्हर्टरच्या पेटीत हा दाब आणखी वाढवण्यात येतो, आणि तो प्रियसच्या दुसऱ्या पिढीत ५०० व तिसऱ्या पिढीत ६५० व्होल्टपर्यंत जातो. नारिंगी आवरणाच्या जाड केबली दिसतात त्या या विजेच्या.

दुसरी बॅटरी लहान, बारा व्होल्टची, प्रियसमध्ये डिकीच्या कोपऱ्यात असते. इंजिन फिरवून सुरू करण्याचे काम हिच्याकडे नसून ते मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. लहान बॅटरीने फक्त गाडीतले निरनिराळे संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडून द्यायचे. म्हणूनच साध्या गाडीत बॅटरी मरणपंथाला लागली की स्टार्टर जड फिरतो आणि मालक वेळीच सावध होतो, तशी पूर्वसूचना हायब्रिडमध्ये मिळत नाही. येथे बॅटरी क्षीण झाली की सुरू होण्याच्या क्षणी दाब किंचित कोसळतो, एखादा संगणक अर्धवट जागा होतो, दुसऱ्याशी त्याचे संदेशवहन तुटते, आणि ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग असे परस्परांशी संबंध नसलेले दिवे एकाच वेळी लागतात. असंबद्ध दिवे घोळक्याने लागणे हे बारा व्होल्टच्या बाजूच्या दोषाचे पहिले लक्षण होय, एवढे मालकाने पक्के ध्यानात ठेवावे.

थांबावे की जावे

तपास सावकाशीने करण्याचा विषय आहे. रस्त्यावरचा निर्णय मात्र तत्क्षणी घ्यावा लागतो. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवण्याचा हुकूम आणि पिवळा दिवा म्हणजे सांभाळून जाण्याची व लवकर तपासून घेण्याची सूचना, हा सर्वसाधारण नियम आहे. हँडब्रेक सुटलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा लागला, तेलाच्या दाबाचा दिवा लागला, अथवा तापमानाचा इशारा आला, तर ‘घर जवळच आहे’ हा विचार मनात न आणता गाडी टोचन करून न्यावी. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही असे समजावे. तशा स्थितीत जोर देऊन चालवल्यास न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो.

प्रियसमधला लाल त्रिकोण हा सर्वसाधारण इशारा असल्यामुळे लहानमोठ्या अनेक कारणांनी लागतो. त्याच्या जोडीला कोणता दिवा लागला आणि पडद्यावर कोणता मजकूर उमटला, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही. त्रिकोण लागल्यावर इंजिन सुरूच होत नसेल आणि गाडी केवळ मोठ्या बॅटरीवर सरकत असेल, तर तशी ती चालवत राहू नये. ती बॅटरी पार रिती झाली म्हणजे घरगुती चार्जरने भरता येत नाही, आणि लहानशा दोषाचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देऊन ठेवतो. ब्रेकवर पाय न ठेवता गाडी सुरू करण्याचे बटन दोनदा दाबले की डॅशबोर्डवरचे बहुतेक सर्व इशारा-दिवे परीक्षेसाठी काही सेकंद लागतात. त्या वेळी जो दिवा लागायला हवा तो लागलाच नाही, तर तो कोणी मुद्दाम बंद केला आहे काय, याचा समाधानकारक खुलासा मिळेपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नये.

नोंदवही

अधूनमधून होणाऱ्या दोषाच्या तपासात सर्वांत मोलाचे साधन म्हणजे एक साधी वही. दिवा लागला की, गाडी सुरक्षित थांबवल्यावर, प्रथम डॅशबोर्डचे छायाचित्र घ्यावे, आणि मग पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या : तारीख व वेळ, कोणकोणते दिवे लागले आणि कोणत्या क्रमाने, गाडी किती वेळ उभी होती, हवा थंड, उष्ण की ओली, आदल्या दिवशी धुतली होती काय, वेग किती, चढ होता काय, एसी चालू होता काय, खड्ड्यातून चाक गेले काय, आणि दिवा कशाने विझला, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू केल्यावर लगेच, की दोन-तीन दिवसांनी आपोआप.

नमुन्यादाखल तीन नोंदी पाहू. ‘१४ जुलै, सकाळी ८. गाडी दोन दिवस उभी, रात्रभर पाऊस. बटन दाबताच एबीएस, ब्रेक आणि लाल त्रिकोण. बंद करून पुन्हा सुरू करताच सर्व विझले.’ ‘२२ जुलै, सायंकाळी ७. मुसळधार पाऊस, गाडी रोज चालती. एकही दिवा नाही.’ ‘२ ऑगस्ट, सकाळी साडेसात. हवा कोरडी, गाडी तीन दिवस उभी. पुन्हा तेच तीन दिवे.’ पहिल्या नोंदीवरून कोणीही पावसालाच दोष दिला असता. तिन्ही एकत्र वाचल्या म्हणजे पावसाचा संबंध सुटतो आणि उभे राहण्याचा उरतो, व तपासाचा रोख सरळ लहान बॅटरीकडे वळतो. याउलट नोंदी अशा असतील की, एप्रिल-मे महिन्यांत, चार माणसे बसलेली असताना, कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना दिवा लागतो आणि सपाटीवर आल्यावर पुन्हा लागत नाही, तर मोठी बॅटरी, तिचा पंखा अथवा इन्व्हर्टरचे शीतन यांच्याकडे पाहावे. धुतल्यानंतर किंवा पहिल्या पावसात लागणारा दिवा विजेच्या गळतीकडे अथवा कनेक्टरात शिरलेल्या ओलाव्याकडे बोट दाखवतो, आणि खड्ड्यात आदळल्यावर लागणारा दिवा सैल कनेक्टर, तुटत आलेली तार किंवा चाकाजवळचा सेन्सर यांच्याकडे. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. निदान तीन-चार जमू द्याव्या. ही सबुरी अर्थात पिवळ्या दिव्यासाठी आहे. लाल दिव्याला नोंदींची वाट पाहता येत नाही.

कोडचा अर्थ

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्यात स्कॅनर जोडला की संगणकांनी साठवलेले कोड वाचता येतात. हा कोड म्हणजे फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्यादीत तक्रार कोणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत केली एवढेच असते. ती खरी की खोटी, आणि मूळ अपराधी कोण, हे साक्षीपुराव्यावरून ठरवायचे असते. ‘पी०ए८०’ या कोडचा प्रचलित अर्थ ‘मोठी बॅटरी बदला’ असा केला जातो. प्रत्यक्षात संगणकाला बॅटरीच्या निरनिराळ्या भागांतल्या दाबांत मर्यादेबाहेरची तफावत आढळली, एवढेच त्या कोडवरून सिद्ध होते, आणि तशी तफावत दाब मोजणारी तार गंजल्यामुळेही दिसू शकते.

बाजारातला स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाच्या संगणकापुरतेच वाचतो. हायब्रिड यंत्रणा, मोठी बॅटरी, ब्रेक आणि एसी यांचे संगणक वेगळे असतात, आणि खरी माहिती पुष्कळदा त्यांच्याच दफ्तरात असते. म्हणून टोयोटाच्या गाडीसाठी कंपनीचे टेकस्ट्रीम हे सॉफ्टवेअर वापरणारा, किंवा निदान हायब्रिडचे सर्व संगणक वाचू शकणारे साधन बाळगणारा मेकॅनिक गाठावा. ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि डॉ. प्रियससारखे मोबाइल ॲप यांच्या साहाय्याने मालकालाही मोठ्या बॅटरीचे आकडे पाहता येतात. मुख्य कोडच्या जोडीला तीन अंकी उपकोड असेल तर तो अवश्य लिहून घ्यावा, आणि दोष आढळला त्या क्षणीचा वेग, तापमान, भार वगैरे तपशील संगणकाने गोठवून ठेवलेला असतो, तोही उतरवून घ्यावा. आपल्या वहीतली नोंद आणि हा तपशील एकमेकांशी जुळले म्हणजे अर्धा तपास पुरा झाला असे समजावे.

दिवा आपोआप का विझतो, याचाही उलगडा येथे होतो. धुराच्या नियंत्रणाशी संबंधित अनेक दोषांच्या बाबतीत संगणक लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच इंजिनाचा दिवा लावतो, आणि पुढे लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की तो विझवतो. कोड मात्र इंजिन सुमारे चाळीस वेळा थंड होऊन पुन्हा तापेपर्यंत स्मरणात राहतो. तेव्हा दिवा विझल्यावरही काही आठवडे पुरावा शिल्लक असतो. तो नाहीसा करण्याचा हमखास उपाय म्हणजे कोड न लिहिता पुसून टाकणे किंवा बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवणे. पुष्कळ गॅरेजांत गाडी आल्याबरोबर ‘क्लिअर करून बघू’ म्हणतात. तसे करू देण्यापूर्वी सर्व कोडांची छापील प्रत किंवा छायाचित्र हाती घ्यावे, याविषयी मालकाने आग्रही राहावे.

लहान बॅटरीपासून आरंभ

तपास नेहमी स्वस्त आणि संभाव्य कारणापासून सुरू करावा. म्हणून पहिला मान बारा व्होल्टच्या बॅटरीचा. तिच्यासाठी लागतो तो काही शे रुपयांचा मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी बटन न दाबता डिकी उघडून, दार उघडल्यामुळे लागलेले दिवे विझेपर्यंत काही मिनिटे थांबून, मल्टिमीटरची तांबडी सुई धन आणि काळी सुई ऋण टर्मिनलवर टेकवावी. आकडा १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ असेल तर जवळजवळ निम्मी रिकामी, आणि ११.८ किंवा त्याहून कमी असेल तर तिच्यात काही उरलेले नाही. नुसत्या दाबावर मात्र विसंबू नये, कारण भार नसताना म्हातारी बॅटरीही चांगला आकडा दाखवते. म्हणून पुढची पायरी अशी : ब्रेक न दाबता बटन दोनदा दाबावे, हेडलाइट लावावे, आणि दोन मिनिटे आकड्यावर नजर ठेवावी. तो किंचित उतरून स्थिरावला तर ठीक. पाहता पाहता अकराच्या खाली घसरत गेला तर त्या बॅटरीचे दिवस भरले. शेवटी ब्रेक दाबून गाडी सुरू करावी; डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटताच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. तो बाराच्या आसपासच रेंगाळला, तर दोष बॅटरीत नसून तिला भरणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये किंवा मधल्या जोडणीत आहे.

त्यानंतर टर्मिनल आणि अर्थिंग यांची पाळी. टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर असेल तर तो साफ करून नट घट्ट करावा. गाडी सुरू ठेवून, हेडलाइट आणि पंखा लावून, मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली असता ०.१ व्होल्टपेक्षा फार अधिक फरक दिसू नये; दिसला तर ऋण तारेची पत्र्याशी असलेली जोडणी गंजलेली आहे. समुद्रकाठच्या गावांत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेमुळे हा दोष अगदी सामान्य आहे.

बॅटरी बदलायची ठरल्यास एक पथ्य पाळावे. प्रियसमध्ये ती प्रवाशांच्याच दालनात असल्यामुळे वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशी, एजीएम प्रकारचीच बॅटरी लागते; स्कूटर-मोटारीच्या दुकानातली कोणतीही बारा व्होल्टची बॅटरी तिच्या जागी बसवू नये. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना, म्हणजे जंप करताना, धन-ऋण उलटे जोडले गेले तर इन्व्हर्टरपर्यंतची यंत्रणा जळू शकते. म्हणून ते काम अनोळखी माणसाच्या हाती देऊ नये, आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देण्याचा उदारपणाही टाळावा.

मोठ्या बॅटरीची परीक्षा

लहान बॅटरी निर्दोष ठरली आणि कोड मोठ्या बॅटरीकडे निर्देश करीत असला, तरी ती बदलण्याचा निर्णय दोन गोष्टी पाहिल्यावाचून घेऊ नये. पहिली गोष्ट म्हणजे हवेचा मार्ग. प्रियसमध्ये मागच्या आसनाच्या कडेला एक जाळी असते. तिच्यातून पंखा दालनातली थंड हवा ओढून बॅटरीवर सोडतो. त्या जाळीवर पिशव्या, शाली किंवा मुलांची दप्तरे ठेवलेली असतात, आणि आतल्या पंख्याच्या पात्यांवर वर्षानुवर्षांची धूळ, कुत्र्या-मांजरांचे केस आणि कापसाची लोळी जमलेली असते. हवा कोंडली की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. पंखा काढून मऊ ब्रशाने स्वच्छ करणे हे थोड्या वेळाचे व थोड्या पैशांचे काम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड्यांचे आकडे. प्रियसचा संगणक २८ मोड्यूल दोन-दोनच्या १४ जोड्यांत वाटून प्रत्येक जोडीचा दाब वेगळा मोजतो. जोडीत बारा सेल, म्हणजे मूळ दाब १४.४ व्होल्ट. एक सेल पूर्ण मेला की त्या जोडीतून सरळ १.२ व्होल्ट वजा होतात. म्हणून एखादी जोडी सदैव इतरांपेक्षा एक व्होल्टाहून अधिक मागे राहत असेल, तर तिच्यात मेलेला सेल आहे असा संशय रास्त ठरतो. गाडीला जोर देताना जी जोडी सर्वांच्या खाली जाते आणि उतारावर चार्ज होताना सर्वांच्या वर जाते, ती अशक्त झालेली असते किंवा तिच्या जोडपट्ट्या गंजलेल्या असतात. परंतु एक जोडी जितकी खाली तितकीच तिची शेजारीण वर, आणि दोघींची बेरीज मात्र बरोबर, असे चित्र दिसले तर मेकॅनिकने थांबावे. कारण दोन शेजारच्या जोड्यांच्या सीमेवरची मोजणीची तार सामाईक असते, आणि तिच्यावर हिरवा गंज चढला म्हणजे एकीचा आकडा दुसरीच्या खात्यात जातो. अशा वेळी बॅटरी सुदृढ असून तार आणि तांब्याच्या पट्ट्या साफ करणे किंवा बदलणे एवढेच पुरते.

हे सर्व आकडे बाहेरून वाचावे. मोठ्या बॅटरीचे झाकण उघडणे हे मालकाचे काम नव्हे, आणि ज्याला प्रशिक्षण नाही अशा मेकॅनिकचेही नव्हे. नारिंगी मुठीचा सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधील कपॅसिटर रिते होण्यास वेळ लागतो, म्हणून निदान दहा मिनिटे थांबावे लागते. आणि प्लग काढल्याने बॅटरीचे केवळ दोन भाग होतात, त्या भागांत माणसाचा प्राण घेण्याइतकी वीज तशीच शिल्लक असते. १००० व्होल्टचे, तपासून घेतलेले रबरी हातमोजे घातल्याशिवाय जो मेकॅनिक त्या पेटीत हात घालतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये. त्यात त्याच्याही जिवाची काळजी आहे.

एखाद-दुसरे मोड्यूल बदलून काम भागवण्याची पद्धत आपल्याकडे आणि परदेशातही रूढ आहे. तात्पुरती निकड असेल तर ती चालेल, पण सर्व मोड्यूल एकाच वयाची असल्यामुळे आज एक गेले की उद्या दुसरे जाते, आणि बारा-पंधरा वर्षांच्या बॅटरीत ही डागडुजी शेवटी महाग पडते. वारंटीचा काळ, आणि पंख्याची व तारांची सफाई करून देणार की नाही, हे लेखी घेतल्याशिवाय दुरुस्त केलेली बॅटरी पत्करू नये.

ओलावा, उष्णता आणि उंदीर

पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर लागणाऱ्या दिव्यामागे ‘पी०एए६’ हा कोड असेल, तर उच्च दाबाची वीज कोठेतरी गाडीच्या पत्र्याकडे झिरपते आहे असा त्याचा अर्थ. हा कोड कधीही दुर्लक्षू नये. टोयोटाच्या गाडीत त्याचा उपकोड फार उपयोगी पडतो : ६११ असेल तर रोख एसीच्या कॉम्प्रेसरकडे, ६१२ असेल तर बॅटरीकडे, ६१३ असेल तर मोटर व गिअरच्या पेटीकडे. कॉम्प्रेसरच्या बाबतीत आपल्याकडे एक चूक वारंवार होते. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याला एनडी-११ हे विद्युत्‌रोधक तेल लागते. एसीवाल्याने गॅस भरताना साध्या गाडीचे पीएजी तेल त्यात सोडले की कॉम्प्रेसरचे रोधन घटत जाते आणि काही काळाने दिवे लागू लागतात. एसीचे काम अलीकडे कोठे केले होते काय, हे म्हणूनच आठवून पाहावे आणि तपासणाराला सांगावे.

उन्हाळ्यात किंवा घाटात लागणाऱ्या दिव्यासाठी इन्व्हर्टरच्या शीतनाकडे पाहावे. इन्व्हर्टरला स्वतःचे वेगळे कूलंट आणि स्वतःचा छोटा विजेचा पंप असतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये थंड गाडी ‘रेडी’ करून त्या टाकीचे झाकण उघडले असता आतले पाणी खळबळताना दिसले पाहिजे. ते निश्चल असेल तर पंप बंद आहे. हे पंप बदलून देण्यासाठी टोयोटाने नोव्हेंबर २०१२ मध्ये गाड्या परत मागवल्या होत्या. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरमुळे आतले ट्रान्झिस्टर अति तापून इशारा-दिवे लागण्याचा आणि गाडी बंद पडण्याचा संभव आढळला, म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातल्या सुमारे १९ लाख गाड्यांसाठी अशीच घोषणा झाली. आपल्या गाडीचे असे काम राहून गेले आहे काय, हे चासी क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याकडे विचारून घ्यावे.

उंदरांचा उपद्रव आपल्याकडे क्षुल्लक समजला जातो, परंतु अधूनमधून लागणाऱ्या दिव्यांच्या कारणांत त्याला वरचे स्थान दिले पाहिजे. अर्धवट कुरतडलेली तार कोरड्या हवेत काम देते आणि ओलाव्यात किंवा हादऱ्यात दगा देते. बॉनेट उघडून लेंड्या, कागदाचे तुकडे, कुरतडलेले आवरण यांची खूण शोधावी. सापडल्यास ती तार चिकटपट्टीने न गुंडाळता सोल्डर करून किंवा बदलून घ्यावी. नारिंगी केबलवर दातांच्या खुणा दिसल्या, तर स्पर्श न करता गाडी तेथेच ठेवून जाणकाराला बोलवावे. एबीएसचा दिवा एकटाच येत-जात असेल, तर चाकांजवळच्या सेन्सरवर साचलेला चिखल आणि लोखंडी कीस, सेन्सरची ताणलेली तार, आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे. ब्रेकला पाय न लावताही दर काही सेकंदांनी पंपाची घरघर ऐकू येऊ लागली, तर ती ब्रेकच्या दाबसाठ्याची गळती असू शकते, आणि तेथे वहीत नोंदी जमवत बसण्याला अवकाश नाही.

गॅरेजशी व्यवहार

मेकॅनिककडे जाताना ‘काहीतरी दिवा लागतो’ असे मोघम सांगण्याऐवजी नोंदवही, छायाचित्रे, कोडांची यादी आणि आपण घेतलेले व्होल्टचे आकडे त्याच्यापुढे ठेवावे. दिवा लागला नाही तर गाडी एक-दोन दिवस त्याच्याकडे ठेवण्याची तयारी दाखवावी, आणि ज्या परिस्थितीत तो लागतो ती सांगावी, म्हणजे त्याला तीच परिस्थिती निर्माण करून पाहता येते : कनेक्टर हलवून, तारेवर पाण्याचा हलका फवारा मारून, किंवा भार घालून चढ चढवून. मात्र नारिंगी केबलींच्या आसपास हा हलवण्याचा किंवा पाण्याचा प्रयोग कोणीही करू नये. एका वेळी एकच भाग बदलावा, काढलेला भाग परत मागावा, आणि बदलल्यानंतरही वहीतल्या नोंदी निदान दोन महिने चालू ठेवाव्या. कारण जो दोष पंधरा दिवसांतून एकदाच दर्शन देतो, तो आठवडाभर दिसला नाही एवढ्यावरून दूर झाला असे म्हणता येत नाही.

हायब्रिड गाडी जुनी झाली म्हणजे निरुपयोगी झाली, हा समज चुकीचा आहे. नीट निगा राखलेली प्रियस लाख-दोन लाख किलोमीटरनंतरही इमानाने चालते, आणि तिला वेळेआधी भंगारात धाडण्याला पुष्कळदा यंत्राचा दोष कारण नसून घाईचे निदान कारण असते. तेव्हा वाचकांना आग्रहाची विनंती अशी की, आजच एक वही आणि एक मल्टिमीटर गाडीत ठेवावा, लहान बॅटरीचा आकडा टिपून वहीचा आरंभ करावा, आणि कोड लिहून घेतल्यावाचून तो कोणालाही पुसू देऊ नये.